बिंदू, गुण आणि टेबल : आरक्षणामुळे सरकारी काम खरंच घसरतं का?

प्रश्न थोडक्यात सांगते. राज्यसेवेतून निवड झालेली एक मुलगी काही महिन्यांत तालुक्याच्या कार्यालयात रुजू होणार आहे. हाताखाली तीस-चाळीस माणसं असतील, त्यातली निम्मी तरी आरक्षित प्रवर्गातून लागलेली. घरी, अभ्यासिकेत, मित्रमैत्रिणींत तिने एकच वाक्य वर्षानुवर्षं ऐकलंय : "कमी गुणांवर घेतलेली माणसं, मग काम तसंच होणार." हे खरं आहे का, कुणी याचा नीट अभ्यास केलाय का, आणि कामाचं वाटप करताना आपण हे डोक्यात ठेवावं का, असं ती विचारते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : ठेवू नका. बाकीच्या दोन प्रश्नांना वेळ लागेल.

मी १९८८ मध्ये महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले आणि २०२१ मध्ये तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. मधली सहा वर्षं मागासवर्ग कक्षात काढली. वेगवेगळ्या कार्यालयांच्या बिंदूनामावल्या तपासणीसाठी तिथे येतात. मी स्वतः कोणत्या प्रवर्गातून लागले ते मुद्दामच सांगत नाही. ते सांगितलं की पुढचं उत्तर वाचण्याआधीच तोललं जातं, हा अनुभव गाठीशी आहे.

आधी बिंदू म्हणजे काय ते पाहू, कारण या विषयावर तावातावाने बोलणाऱ्या शंभरातल्या नव्वदांनी बिंदूनामावलीची वही कधी पाहिलेली नसते. संवर्गात जेवढी मंजूर पदं, तेवढे बिंदू. प्रत्येक बिंदूवर कुठला प्रवर्ग येणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि माणूस रुजू झाला की त्याचं नाव त्या बिंदूवर चढतं. तो निवृत्त झाला की ती जागा पुन्हा त्याच प्रवर्गाला जाते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभरवाल प्रकरणात रिक्त जागा मोजण्याऐवजी पदं मोजायला सांगितली, तेव्हापासून ही पद्धत. महाराष्ट्रात २००१ च्या आरक्षण कायद्याने अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७, विमुक्त आणि भटक्यांच्या चार गटांना मिळून ११, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गाला १९, असे ५२ टक्के ठरवले. नंतर त्यात आर्थिक दुर्बल घटक आले, २०२४ मध्ये सामाजिक व शैक्षणिक मागास म्हणून मराठा समाजाचे १० टक्के आले. शिवाय महिला, माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, अनाथ यांचं समांतर आरक्षण या प्रत्येक प्रवर्गातून आडवं कापत जातं. एवढं सगळं एका वहीत बसवायचं आणि ते चुकलं तर भरती कोर्टात जाते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता गुणांकडे. "कमी गुण" म्हणजे किती कमी? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम यादीत खुल्या प्रवर्गाची रेषा ९५३ ला थांबली, इतर मागासवर्गाची ९१९ ला, अनुसूचित जातींची ८९० ला, जमातींची ८९१ ला. एकूण गुण २०२५. म्हणजे खुला आणि अनुसूचित जाती यांच्यातलं अंतर ६३ गुणांचं, जेमतेम तीन टक्के. नुसती मुलाखतच २७५ गुणांची असते, आणि मुलाखतीचं मंडळ बदललं तर किती फरक पडतो हे त्या वाटेने गेलेल्या कुणालाही विचारा. शिवाय ही रेषा म्हणजे यादीतला शेवटचा माणूस. आरक्षित प्रवर्गातली कित्येक मुलं कुठलीही सवलत न घेता खुल्या जागेवर निवडली जातात आणि तरी कार्यालयात "कोट्यातले" म्हणूनच ओळखली जातात. आडनाव वाचून प्रवर्ग ठरवायची आपल्याकडे रीतच आहे.

राज्य पातळीवरच्या भरतीत हे अंतर कधी कधी मोठं असतं, ते नाकारत नाही. काही पदांना, काही प्रवर्गांत रेषा खूप खाली उतरते. पण त्या परीक्षा नेमकं काय मोजतात? २०२३ च्या तलाठी भरतीत चार हजार सहाशेच्या वर जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, परीक्षा कित्येक सत्रांत घ्यावी लागली, आणि सत्रांची काठिण्यपातळी सारखी करण्याच्या गणितात २०० पैकी २१४ गुण मिळालेला उमेदवारही निघाला. गणिताच्या दृष्टीने त्यात चूक नसेलही. पण दोनशेत दोनशे चौदा मिळवणारा तलाठी फेरफार किती दिवसांत मंजुरीला पाठवेल, याचा अंदाज त्या आकड्यावरून मला तरी करता येत नाही.

माणूस रुजू झाल्यावर पुढे चाळण्या असतात त्या वेगळ्याच. परिविक्षाधीन काळ, दुय्यम सेवा परीक्षा, महसूल अर्हता परीक्षा. लिपिकाला मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो, आणि ती अट जात पाहून सैल होत नाही. परीक्षेतले गुण हे दाराशी उभं राहण्याचं तिकीट असतं. आत शिरल्यावर दोन-तीन वर्षांत ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. लक्षात राहतो तो प्रवर्ग.

अभ्यास झालेत का, तर झालेत, आणि त्यातले दोन भारतातलेच आहेत. पहिला रेल्वेचा. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८० ते २००२ या काळातली भारतीय रेल्वेची विभागवार आकडेवारी घेतली. किती माणसं, किती डबे, किती इंधन लागलं आणि त्यातून किती प्रवासी आणि किती माल हलला, हे मांडून अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण वाढल्यावर उत्पादकता घसरते का हे तपासलं. घसरल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट गट अ आणि गट ब मध्ये, म्हणजे निर्णय घेणाऱ्या जागांवर, हे प्रमाण जास्त असलं तर उत्पादकता थोडी बरी दिसते, असे काही निकाल आले. रेल्वे निवडणं शहाणपणाचं होतं. देशातल्या सगळ्यात मोठ्या नोकरदात्यांपैकी एक, आरक्षण जुनं, आणि कामाचं मोजमाप टनात आणि किलोमीटरमध्ये होतं. महसूल खात्यात तसं मोजायचं म्हटलं तर काय मोजणार? किती सातबारे छापले?

दुसरा अभ्यास रिखिल भवनानी आणि अलेक्झांडर ली यांचा, भारतीय प्रशासन सेवेतल्या अधिकाऱ्यांवरचा. जिल्ह्यात रोजगार हमीची अंमलबजावणी कशी झाली हा त्यांचा मापदंड. आरक्षणातून आलेला जिल्हाधिकारी असताना ती इतरांपेक्षा वाईट झाली का? झाली नाही, असा निष्कर्ष. आपल्याला हा मापदंड ओळखीचा आहे, कारण रोजगार हमी महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात सुरू केली आणि केंद्राने ती फार नंतर उचलली. हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, मजुरी वेळेत निघणं, या सगळ्यात जिल्हाधिकाऱ्याने पाठपुरावा केला की नाही ते आठवड्याभरात दिसतं. कामाची परीक्षा घ्यायची तर रोजगार हमी ही बरीच प्रामाणिक परीक्षा आहे.

पण या अभ्यासांवर मी उड्या मारणार नाही, आणि तुम्हीही मारू नका. रेल्वेचा अभ्यास एकूण प्रमाणावर बोलतो. एखाद्या शेडमधला फोरमन कसा आहे हे त्यात दिसत नाही. प्रशासन सेवेत खालचा माणूसही लाखोंतून निवडलेला असतो, म्हणून तिथला निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या लिपिकाला तसाच लावता येणार नाही. "आरक्षणाने काम घसरतं" हा दावा करणाऱ्याने पुरावा द्यायला हवा, आणि जिथे काळजीपूर्वक शोधलं तिथे तो सापडला नाही. मी एवढंच म्हणेन.

परदेशात अमेरिकेतल्या पोलिसांवर काम झालंय. तिथे १९७० पासून कित्येक शहरांत न्यायालयांनी कृष्णवर्णीयांच्या भरतीचं प्रमाण ठरवून दिलं. जस्टिन मॅकक्ररी यांनी त्या शहरांचे आकडे तपासले. पोलिसांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढलं, गुन्ह्यांवर त्याचा ठळक परिणाम दिसला नाही. महिला पोलिसांबाबत मात्र दिसला : अमेरिकेतच पोलिसांत स्त्रिया वाढल्या तिथे घरगुती हिंसेच्या तक्रारी जास्त नोंदल्या जाऊ लागल्या आणि नवरा-जोडीदाराकडून होणारे खून कमी झाले. यातला पहिला भाग आपल्या गृहखात्याच्या आकड्यांत आला असता तर "गुन्हे वाढले" म्हणून विधानसभेत गोंधळ झाला असता. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला कोण बसलंय, यावर तक्रार होते की नाही हे ठरतं.

माझा अनुभव इथून सुरू होतो. सातपुड्यातल्या एका तालुक्यात मी चार वर्षं होते. जंगलजमीन कसणाऱ्यांना हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ मध्ये आले, आणि त्यानंतर दाव्यांचे ढीग लागले. ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. दाव्याला जोडायला जुने दंडाच्या पावत्यांचे कागद हवेत, नाहीतर गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब. तो जबाब पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत. आमच्याकडचा शहरातून आलेला लिपिक समोरच्याचं बोलणं अर्धं ऐकून "१९९५ पासून कसतो" असं काहीतरी ठरावीक लिहायचा, आणि समिती तो दावा पुराव्याअभावी फेटाळायची.

त्याच कार्यालयात एक पोरगा होता, अनुसूचित जमातीच्या बिंदूवर लागलेला. त्याला मीच आवक-जावकला बसवला होता. कार्यवाटपाचा आदेश मी लिहिला होता, कारण म्हणून मनाशी म्हटलं होतं, मराठी कच्चं आहे, संकलन, म्हणजे एखाद्या विषयाचं टेबल, झेपणार नाही. सव्वा वर्ष तो पाकिटांवर जावक क्रमांक टाकत राहिला. दावे अंगावर आले तेव्हा नाइलाजाने त्याला वनहक्काच्या टेबलावर आणलं. म्हातारा समोर बसला की हा विचारायचा, कुठल्या होळीच्या आधी हे झाड तोडलं, तेव्हा पोलीस पाटील कोण होता, मोठा मुलगा केवढा होता. त्यावरून साल निघायचं. जबाब दोन-तीन पानी व्हायचे आणि समितीपुढे टिकायचे.

आता यातून बोधकथा करू नका. त्याची टिपणी शेवटपर्यंत वाईटच राहिली. नियमाचा क्रमांक चुकायचा, वाक्य कुठे संपलं ते कळायचं नाही, आणि मी रात्री बसून ती पुन्हा लिहायची. पण त्याच्या जबाबावर माझी टिपणी उभी राहू शकत होती. माझ्या टिपणीवर जबाब उभा राहू शकत नव्हता. शिवाय त्याला सव्वा वर्ष आवक-जावकला बसवून टिपणी लिहायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तो दोष माझा होता.

मागासवर्ग कक्षात वेगवेगळ्या कार्यालयांचे कागद पाहताना हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला. जमीन, कुळकायदा, गौण खनिज, दंडप्रक्रिया या संकलनांत ठरावीक माणसं. आवक-जावक, अभिलेख कक्ष, निवडणुकीच्या काळात मतपेट्यांचं गोदाम, यात ठरावीक माणसं. कुणी ठरवून करतं असं नाही, सवयीने होतं. साहेबाला भरवशाचा माणूस हवा असतो आणि भरवसा ओळखीतून येतो. पंधरा वर्षांनी पदोन्नतीची वेळ आली की एकाने हजार जमीन प्रकरणं हाताळलेली असतात, दुसऱ्याने एकही नाही. मग दुसरा अव्वल कारकून झाल्यावर अडखळतो आणि सगळे म्हणतात, बघा.

गोपनीय अहवालाचंही तेच. प्रतिवेदन अधिकारी आपल्या मर्जीने लिहिणार, पुनर्विलोकन अधिकारी बहुतेक वेळा न वाचता सही करणार. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरा कळवायची पद्धत होती, म्हणून नावडत्या माणसाला "ब" देऊन गप्प बसता यायचं. शेरा प्रतिकूल नाही, पण पदोन्नतीत मागे पडायला पुरेसा. २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कळवायला सांगितली. त्यानंतर उलटंच झालं, भांडण नको म्हणून जो तो "अ अधिक" देऊ लागला. म्हणून गोपनीय अहवालांवरून कुणाची कार्यक्षमता कुणी मोजू पाहत असेल, आरक्षणाच्या बाजूने वा विरोधात, तर तो आकडा मी हातात घेणार नाही.

मग आरक्षणामुळे कामाचं नुकसान कधीच होत नाही का? होतं. पण लोक जिथे बोट दाखवतात तिथे ते होत नाही. ते होतं रिकाम्या खुर्चीत.

एका तालुक्यात लिपिकांची ११ पदं मंजूर, भरलेली ६. उरलेल्या पाचातली तीन अनुशेषाची, म्हणजे आरक्षित असून आधीच्या भरतीत न भरलेली. उमेदवार नव्हते म्हणावं तर शेजारच्या जिल्ह्यात त्याच प्रवर्गाची प्रतीक्षा यादी पडून होती. अडचण वहीत होती. कित्येक वर्षांपूर्वी लागलेल्या एका कर्मचाऱ्याला चुकीच्या बिंदूवर दाखवलं होतं, त्याच्यामागचे सगळे बिंदू एकेक घर सरकले होते. वही प्रमाणित झाल्याशिवाय मागणीपत्र जात नाही, मागणीपत्राशिवाय जाहिरात नाही. वही आमच्या कक्षाकडे आली, त्रुटी काढून परत गेली. तिकडे आस्थापना लिपिकाची बदली झाली, नव्याला ती वही कपाटात आहे हेच माहीत नव्हतं. चार वर्षं गेली. त्या काळात सहा माणसं अकरांचं काम करत होती, फेरफार तुंबले होते, आणि बाहेर टपरीवर लोक म्हणत होते की आरक्षणवाले भरलेत म्हणून काम होत नाही. भरलेत? भरले असते तर झालं असतं की!

हे एका तालुक्याचं नाही. राज्यात मंजूर पदं सात लाखांच्या पुढे आणि त्यातली दोन लाखांहून जास्त रिकामी, हे गेल्या काही वर्षांत वारंवार समोर आलंय. एका तलाठ्याकडे तीन सजे, म्हणजे तीन तलाठ्यांची गावं, असतील तर तो कुठल्या प्रवर्गातून आला याने काय फरक पडणार? त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, एवढाच २०२४ चा बदल. सजे तेवढेच राहिले.

पदोन्नतीत तर याहून कडू प्रकार झाला. २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत आरक्षण दिलं होतं, तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. मध्यंतरी आरक्षित बिंदूंवरच्या पदोन्नत्या थांबल्या, मग २०२१ मध्ये सगळी पदं २००४ च्या सेवाज्येष्ठतेनुसार भरायचा निर्णय आला आणि त्यावरूनही रान पेटलं. या काळात मी पाहिलेल्या कार्यालयांत निम्मे वरिष्ठ "प्रभारी" होते. प्रभारी माणूस निर्णय घेत नाही, सही पुढे ढकलतो. खुल्या प्रवर्गातल्यांना वाटायचं आपलं हिसकावलं, आरक्षितांना वाटायचं आपलं काढून घेतलं. दोघंही कॅन्टीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसायचे. कामाच्या ठिकाणचा हा कडवटपणा खरा आहे, त्याची किंमत जनता मोजते, आणि आरक्षणाच्या बाजूने बोलणारे त्याबद्दल पुरेसं बोलत नाहीत असं माझं मत आहे. पदोन्नतीतलं आरक्षण थेट भरतीपेक्षा मन जास्त दुखावतं, कारण तिथे ज्याच्या पुढे गेलात तो शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो. त्यावर उपाय एकच : नियम काय आहे ते सरकारने ठरवावं आणि दहा वर्षं बदलू नये. कोणता नियम, हे त्यापुढे दुय्यम आहे.

जात पडताळणीही त्यातच आली. खोट्या दाखल्यावर जमातीच्या जागा बळकावणारे हजारोंनी निघाले. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा लाभ टिकणार नाही असं स्पष्ट केलं, तेव्हा राज्याने २०१९ च्या डिसेंबरात अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांबाहेरच्या जादा, पदांवर वर्ग करायचं ठरवलं, अकरा महिन्यांच्या मुदतीवर. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं काम करणारा माणूस एका दिवसात लटकला, आणि ज्या आदिवासी मुलाची ती जागा होती तो तोवर वयात बसत नव्हता. त्या वीस वर्षांत गावपाड्यावर ज्याची भाषा चालली असती असा माणूस तिथे नव्हता, हे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

भाषेसाठीच तर राज्यपालांनी २०१४ मध्ये पाचव्या अनुसूचीखाली अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक अशी पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. कल्पना रास्त होती. पण शंभर टक्के हा आकडा मला तेव्हाही खटकला होता. आंध्रमधली शिक्षकांची तशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये रद्द केली, आणि आपली पेसा भरतीही, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या याच पदांची भरती, पुढे कोर्टात अडकली. निवड झालेली मुलं आंदोलनाला बसली, पाड्यावरच्या शाळा मानधनावर चालल्या. नव्वद टक्के ठेवलं असतं तर वाचलं असतं का? सांगता येत नाही. पण आकडा ताणला की पद रिकामं राहतं, हे इथेही दिसलं.

"मग सर्जनच्या हातात सुरी देताना?" हा प्रश्न येणारच, म्हणून एका दमात : अतिविशेषज्ञ वैद्यकीय पदं आपल्या २००१ च्या कायद्यातून वगळलेली आहेत. एकाकी, म्हणजे संवर्गात एकच असलेलं, पदही वगळलेलं आहे. मंडल प्रकरणात १९९२ साली न्यायालयाने वैमानिक, संशोधनातली तांत्रिक पदं, अतिविशेषज्ञता यांबाबत आरक्षण इष्ट नसल्याचं म्हटलंच होतं. आणि एम.बी.बी.एस. ची परीक्षा सगळ्यांना एकच असते. पुढे चला.

आणखी एक गंमत. गेल्या पंधरा वर्षांत कार्यालयांत संगणक चालक, शिपाई, कधी कधी लिपिकसुद्धा कंत्राटी आले. तिथे बिंदू नाही, वही नाही. आरक्षण हेच दुखणं असतं तर ही माणसं लखलखीत काम करत असायला हवी होती. ती चांगली आहेत की वाईट हे मी त्यांच्या पगारावर, ठेकेदार तो वेळेवर देतो की नाही यावर आणि पुढच्या महिन्यात ती इथे असतील का यावर ठरताना पाहिलंय. म्हणजे बाकीच्या सगळ्यांचं काम ज्यावर ठरतं, त्याच गोष्टींवर.

राज्यघटनेच्या ३३५ व्या कलमात अनुसूचित जाती-जमातींचे हक्क "प्रशासनाची कार्यक्षमता राखून" विचारात घ्यावेत असं आहे, आणि वाद या तीन शब्दांवर चालतो. २०१९ मध्ये कर्नाटकच्या पवित्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कार्यक्षमता म्हणजे केवळ परीक्षेतली कामगिरी नाही, समाजातल्या सगळ्या थरांना सामावून घेणं हाही तिचाच भाग. वकील यावर तासभर बोलतील. मला त्यापेक्षा कोल्हापूर जवळचं वाटतं. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ वरच्या जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. २६ जुलै १९०२ ला त्यांनी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखल्या, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आगेमागे त्यांनी जातीजातींची वसतिगृहं काढली, हेही पाठ आहे. पुढे १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हा त्या कामाचं शिक्षण द्यायचीही सोय केली. जागा राखायची आणि त्या जागेवर बसणाऱ्याला तयारही करायचं, दोन्ही एकाच हाताने. आम्ही पहिलं पुढे नेलं. दुसरं बार्टी आणि यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थांच्या वर्गांवर सोडून दिलं. ते वर्ग बरे असतात, पण टिपणी कशी लिहायची हे टेबलावरच शिकावं लागतं, आणि तिथे शिकवणारा निवृत्त झालेला असतो किंवा प्रभारी असतो.

आता तुमच्या कार्यालयाकडे. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कार्यवाटपाचा आदेश मागवा. मागच्या पाच वर्षांत कोण कुठल्या संकलनावर होतं ते एका कागदावर उतरवून काढा. अभिलेख कक्षात सात वर्षं बसलेला कुणी असेल तर त्याला हलवा आणि त्याच्याजवळ एक जुना माणूस सहा महिने बसवा. तो जुना कुरकुरेल. कुरकुरू द्या. कुणाला हिशेब जमत नसेल तर जमत नाही असं तोंडावर सांगा आणि गोपनीय अहवालातही लिहा, प्रवर्ग पाहून गोड लिहू नका. माझ्या हाताखाली आरक्षित बिंदूवरचा एक माणूस असा होता की रोखवही तीनदा समजावूनही चुकायची, आणि खुल्या बिंदूवरचा एक असा, की चुकायची वेळच यायची नाही, कारण तो वही उघडायचाच नाही. दोघांनाही एकाच भाषेत लेखी दिलं. पहिला सुधारला नाही, त्याला दुसरं टेबल दिलं तिथे ठीक चालला. दुसऱ्याने माझ्याविरुद्ध तक्रार केली.

आणि बिंदूनामावलीची वही आस्थापना लिपिकाच्या कपाटात, बहुतेक सर्वांत खालच्या कप्प्यात असते. ती स्वतः काढून बघा. शेवटच्या पानावर मागासवर्ग कक्षाचा शिक्का आणि तारीख असेल. तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल, तर तुमच्या सहीचं पहिलं पत्र त्याच विषयावर जाऊ द्या.